पाऊस आला, पण पेरणीचा नव्हता: २०२५चा मान्सून आणि एआयचा अंदाज

२०२५ साली रोहिणी नक्षत्र लागलं आणि दुसऱ्याच दिवशी, २६ मेला, मान्सून मुंबईत आणि पुण्यात दाखल झाल्याचं भारतीय हवामान विभागाने जाहीर केलं. मुंबईची ठरलेली तारीख ११ जून. म्हणजे पाऊस १६ दिवस आधी आला होता. हाताशी असलेल्या ७५ वर्षांच्या नोंदींत मुंबईत तो इतक्या लवकर कधीच आला नव्हता. दोनच दिवस आधी तो केरळात उतरला होता आणि त्याच दिवशी अरबी समुद्रातलं कमी दाबाचं क्षेत्र रत्नागिरीच्या आसपास किनारा ओलांडून आत शिरलं होतं. बारामती, इंदापूर, दौंड या एरवी पावसाची वाट बघणाऱ्या तालुक्यांत असं पाणी झालं की नीरा डावा कालवा फुटला.

टीव्हीवर, मोबाइलवर, एसटी स्टँडवर एकच विषय होता: यंदा मान्सून लवकर आला. आणि मग तो थांबला. मे संपता संपता महाराष्ट्रातच त्याची पुढची वाट अडली आणि जवळपास २० दिवस त्याची उत्तर सीमा जागची हलली नाही. विदर्भात जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा उन्हाचा कडाका सुरू झाला. मध्य प्रदेश, बिहार, उत्तर प्रदेशातले शेतकरी आभाळाकडे बघत राहिले. जूनच्या मध्यानंतर वारे पुन्हा जोर धरू लागले आणि मग मात्र पावसाने भराभर मजल मारत २९ जूनपर्यंत सगळा देश व्यापला, ठरलेल्या ८ जुलैच्या नऊ दिवस आधी.

कागदावर हे वर्ष चांगलं दिसतं. सुरुवात लवकर, शेवटही लवकर. पण त्या मधल्या २० दिवसांत ज्याने पेरलं त्याला विचारा.

दुबार पेरणी म्हणजे काय, हे मी घरात बघितलं आहे. सोयाबीनचं बियाणं एकरी ३० किलोच्या आसपास लागतं. पहिल्या पावसाच्या भरवशावर तिफण चालते, चार-पाच दिवसांत कोंब वर येतात, मग ऊन पडतं आणि कोवळी दोन पानं दुपारी माना टाकतात. आठवडाभर माणूस रोज सकाळी बांधावर जाऊन वाकून बघतो. मग एके दिवशी बघायचं थांबतो आणि कृषी सेवा केंद्रात उधारी मागायला जातो. दुसऱ्यांदा बियाणं, दुसऱ्यांदा खत, दुसऱ्यांदा मजुरी. त्यातून पेरणी तीन आठवडे पुढे गेली की उतारा घटतो तो वेगळाच. राज्यात सोयाबीनचं क्षेत्र ५० लाख हेक्टरच्या आसपास आहे आणि बहुतेक सगळं पावसावर. त्यामुळे पाऊस कधी येणार, हा प्रश्न आमच्याकडे वेगळ्या शब्दांत विचारला जातो: आलेला पाऊस टिकणार का?

हे प्रकरण त्या दुसऱ्या प्रश्नाचं आहे. २०२५च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने देशातल्या १३ राज्यांतल्या सुमारे ३.८ कोटी शेतकऱ्यांच्या मोबाइलवर एम-किसान या सरकारी संदेशसेवेमार्फत एसएमएस पाठवले. तुमच्या भागात सलग पाऊस कधी सुरू होण्याची शक्यता आहे, हे त्यात चार आठवडे आधीपर्यंत सांगितलेलं होतं. संदेश पाच भारतीय भाषांत होते, त्यांत मराठीही होती. अंदाजामागे कृत्रिम बुद्धिमत्तेची दोन मॉडेलं होती: गूगलचं न्यूरलजीसीएम आणि युरोपीय मध्यम पल्ला हवामान अंदाज केंद्राचं एआयएफएस. त्यांच्या जोडीला होत्या हवामान विभागाच्या १२५ वर्षांच्या पर्जन्यनोंदी. हे मिश्रण तयार करण्यात शिकागो विद्यापीठातला गट होता. त्यात हवामानशास्त्रज्ञ होते तसे अर्थशास्त्रज्ञही होते, आणि २०१९चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालेले मायकेल क्रेमर त्यांतलेच एक.

अर्थशास्त्रज्ञ इथे काय करत होते, तिथूनच सुरुवात केली पाहिजे.

प्रश्न आधी, मॉडेल नंतर

एआयची ही लाट येण्याआधी तेलंगणात एक प्रयोग झाला होता. २५० गावं निवडली गेली. त्यांतल्या काही गावांतल्या शेतकऱ्यांना मान्सून कधी लागणार याचा लांब पल्ल्याचा अंदाज दिला गेला, काहींना दिला गेला नाही. हा अंदाज जर्मनीतल्या पॉट्सडॅम हवामान संस्थेचा होता आणि त्यात आजच्या अर्थाचं एआय नव्हतं. अंदाज सांगण्याआधी प्रत्येकाला विचारलं होतं, ‘तुमच्या मते यंदा पाऊस कधी?’ ज्यांच्या स्वतःच्या आडाख्यापेक्षा अंदाज वाईट, म्हणजे पाऊस उशिरा सांगणारा, निघाला, त्यांनी लागवडीखालचं क्षेत्र २२ टक्क्यांनी कमी केलं. ज्यांना आडाख्यापेक्षा चांगली बातमी मिळाली, त्यांनी बियाणं-खतांवर जास्त खर्च केला.

मला हा निष्कर्ष फार मोलाचा वाटतो. शेतकरी अंदाजावर विश्वास ठेवत नाही, हे वाक्य आपण कचेऱ्यांतून आणि चर्चासत्रांतून इतक्या वेळा ऐकलं आहे की ते खरंच आहे असं मानून चाललो. तेलंगणातल्या शेतकऱ्यांनी अंदाज ऐकला, आपल्या डोक्यातल्या हिशेबाशी ताडून पाहिला आणि पैसा त्याप्रमाणे हलवला. वेळेवर आणि कामाचा अंदाज मिळाला, तर त्याचं काय करायचं हे त्यांना कुणी शिकवावं लागत नाही.

म्हणजे गरज कशाची आहे ते आधी ठरलेलं होतं. पेरणीच्या तीन-चार आठवडे आधी, आपल्या भागापुरतं, सलग पावसाबद्दल काहीतरी ठोस. अडचण पुरवठ्याची होती. दोन-चार दिवसांचा अंदाज आता बराच भरवशाचा झाला आहे. हंगामात एकूण पाऊस किती, याचा अंदाज तर हवामान विभाग १८८६पासून देत आला आहे. मधला दोन ते चार आठवड्यांचा पट्टा सगळ्यांत अवघड. सुरुवातीच्या हवेची आठवण पुसट होत चाललेली असते आणि समुद्राच्या संथ बदलांचा जोर अजून पुरता जाणवायला लागलेला नसतो.

यंत्र काय शिकतं

नेहमीचं हवामान मॉडेल पृथ्वीभोवतीच्या हवेचे चौकोन पाडतं आणि प्रत्येक चौकोनात वारा, दाब, उष्णता, बाष्प यांची गणितं क्षणाक्षणाने पुढे सोडवत नेतं. चौकोनापेक्षा लहान असलेल्या गोष्टी, म्हणजे एखादा ढग, त्यातला उसासा घेऊन वर चढणारा हवेचा झोत, या गणितात थेट मावत नाहीत. त्यांच्यासाठी शास्त्रज्ञ ढोबळ सूत्रं लिहितात. मान्सूनचा पाऊस नेमका त्या ढगांतून पडतो, त्यामुळे चूक तिथेच साठते.

जुलै २०२४मध्ये ‘नेचर’मध्ये मांडलेलं न्यूरलजीसीएम हे अर्धं जुनं, अर्धं नवं आहे. मोठ्या वाऱ्यांचं गणित ते भौतिकशास्त्राच्या समीकरणांनीच सोडवतं. ढोबळ सूत्रांच्या जागी मात्र त्यात न्यूरल नेटवर्क, म्हणजे उदाहरणांतून शिकणारं गणिती जाळं, बसवलं आहे, आणि ते शिकलं आहे ईआरए५ या जुन्या हवामानाच्या जुळवलेल्या नोंदींतून. एआयएफएसची रीत वेगळी. त्यात समीकरणं नाहीत. आत्ताची हवा दिली की सहा तासांनंतरची हवा कशी असेल, एवढंच ते दशकांच्या नोंदींतून शिकतं आणि तीच पायरी पुन्हा पुन्हा चढत पुढे जातं. २५ फेब्रुवारी २०२५ला युरोपीय केंद्राने ते रोजच्या कामात आणलं. त्याला लागणारी वीज त्यांच्या जुन्या मॉडेलच्या सुमारे हजाराव्या हिश्शाइतकी आहे.

ही बचत भारतासाठी महत्त्वाची आहे. योगायोग असा की मान्सून मुंबई-पुण्यात पोहोचला त्याच २६ मेला दिल्लीत भारत फोरकास्ट सिस्टीमचं उद्घाटन झालं. पुण्यातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने (आयआयटीएम) घडवलेलं हे मॉडेल ६ किलोमीटरचे चौकोन पाडतं आणि त्यासाठी ‘अर्क’सारखा महासंगणक लागतो. ते आपलं मोठं काम आहे आणि त्याची जागा एआय घेणार नाही. पण एकच अंदाज काढण्यापेक्षा सुरुवातीच्या हवेत बारीक फरक करून शेकडो वेळा मॉडेल पळवणं आणि त्यांतल्या कितीजणांना पाऊस दिसतो ते मोजणं, हे लांब पल्ल्याला जास्त उपयोगी पडतं. स्वस्त मॉडेलला ते झेपतं.

मान्सून लागला म्हणजे काय

या प्रकरणातलं खरं कौशल्य मला इथे दिसतं, आणि त्यात संगणकाचा वाटा कमी आहे.

हवामान विभाग मान्सूनचं आगमन ठरवताना वाऱ्यांची दिशा आणि खोली, ढगांतून बाहेर जाणारी उष्णता, ठरावीक केंद्रांवरचा पाऊस असं सगळं बघतो. शास्त्र म्हणून ते बरोबरच आहे. पण त्या व्याख्येने ‘मान्सून दाखल’ झालेल्या गावात पुढचे पंधरा दिवस कोरडे जाऊ शकतात. २०२५मध्ये तेच झालं. म्हणून इथे व्याख्या शेतीच्या बाजूने धरली: पहिली दमदार, सलग काही दिवसांची झड, आणि तिच्या मागोमाग लांबलेला कोरडा खंड नाही. पुढे खंड पडला तर ती सुरुवात धरायचीच नाही.

आपल्याकडे कृषी खातं ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका म्हणतं, आणि २०२५च्या मेअखेरीसही त्यांनी घाई करू नका असंच बजावलं होतं. घरातली म्हातारी माणसं मूठभर माती दाबून बघतात. लाडू वळला आणि बोटाने टोचल्यावर भुसभुशीत फुटला की वाफसा आला. चिखलासारखा चिकटला तर अजून थांब. वळलाच नाही तर वरवरची ओल. तिन्ही ठिकाणी विचारायचं एकच असतं, की बी उगवून तग धरेल का. फरक एवढाच की मिलिमीटरचा नियम आणि मातीची मूठ पडून गेलेल्या पावसाबद्दल बोलतात. खंड पडणार का, हे त्यांना सांगता येत नाही.

मग मॉडेलांची परीक्षा घेतली गेली ती या व्याख्येवर. एआय मॉडेलं आपली गुणपत्रिका साधारणपणे वरच्या हवेच्या दाबावर, तापमानावर मिरवतात. त्यात पहिल्या नंबरात असलेलं मॉडेल मध्य भारतात पेरणीजोगा पाऊस कधी, या प्रश्नावर नापास होऊ शकतं. शिवाय एक पथ्य पाळावं लागतं: मॉडेल ज्या वर्षांवर शिकलं, त्या वर्षांवर त्याची परीक्षा घ्यायची नाही. ते तर त्याचं पाठ असतं.

आणि हरवायचं कुणाला? इथे त्या १२५ वर्षांच्या नोंदी कामाला आल्या. समजा १० जून उजाडला आणि पाऊस लागला नाही. आता पुढच्या आठवड्यात तो लागण्याची शक्यता किती? जुनी सगळी वर्षं समोर ठेवली की त्याचं उत्तर मिळतं, आणि दिवस जातील तसं ते बदलत जातं. अनुभवी शेतकरी मनातल्या मनात हेच करत असतो. एआयने या साध्या हिशेबापेक्षा काही जास्त सांगितलं, तरच त्याला पाठवण्यात अर्थ. दोन्ही मॉडेलं आणि या नोंदी एकत्र करून जी शक्यता निघाली, ती प्रत्येक भागाला आठवड्यागणिक कळवली गेली.

या नोंदी कुठून आल्या, याचाही विचार मनात येतो. तालुक्याच्या कचेरीमागे, शाळेच्या आवारात, चौकीच्या अंगणात बसवलेलं पर्जन्यमापक. रोज सकाळी साडेआठला कुणीतरी जाऊन आतलं पाणी मापात ओतायचं, डोळ्यांच्या रेषेत धरायचं आणि वहीत आकडा लिहायचा. प्लेग, दुष्काळ, दोन महायुद्धं, फाळणी, या सगळ्यांतून ही वही पुढे चालत राहिली. त्या माणसांची नावं कुठे नाहीत. २०२५च्या एसएमएसमध्ये त्यांचा वाटा कॅलिफोर्नियातल्या प्रोग्रामरपेक्षा कमी नव्हता, असं मी मनापासून मानतो.

जूनमध्ये काय घडलं

मेअखेरीस बातम्या सांगत होत्या की पाऊस विक्रमी लवकर आला. एसएमएस मात्र दर आठवड्याला आपला हिशेब नव्याने सांगत होता. लवकर पाऊस, मग मधला खंड, हा क्रम अंदाजात आधीच उतरला होता. पुढे सरकायला मान्सूनला उशीर होतोय असं दिसल्यावर ज्या भागांत सलग पाऊस लागायचा राहिला होता, तिथे संदेश थांबवले नाहीत. पाऊस लागेपर्यंत आठवड्याच्या आठवड्याला नवा अंदाज जात राहिला. मला हा निर्णय मॉडेलइतकाच महत्त्वाचा वाटतो. एकदा अंदाज देऊन हात झटकणारा सल्लागार गावात कुणाला नको असतो.

नंतर किसान कॉल सेंटरमधून मध्य प्रदेश आणि बिहारमधल्या शेतकऱ्यांना फोन करून विचारणा झाली. ३१ ते ५२ टक्के शेतकऱ्यांनी अंदाज बघून पेरणीचा काहीतरी निर्णय बदलल्याचं सांगितलं. बहुतेकांनी मशागतीची आणि पेरणीची वेळ बदलली. काहींनी पीक किंवा बियाणं-खतांची निवड.

या आकड्याकडे जरा सावधपणे बघायला हवं. फोनवर सरकारी केंद्रातून विचारल्यावर ‘हो, उपयोग झाला’ म्हणणं सोपं असतं. निर्णय बदलला म्हणजे फायदा झाला असंही नाही. तेलंगणात जशी अंदाज मिळालेली आणि न मिळालेली गावं समोरासमोर ठेवली होती, तशी तुलना कोट्यवधी लोकांना एकदम संदेश गेल्यावर करता येत नाही. तरीही एका साध्या एसएमएससाठी, ज्याला ना ॲप लागतं ना डेटा पॅक, दहात तिघांनी तरी आपला निर्णय हलवणं ही लहान गोष्ट नाही. साध्या बटणांच्या फोनवर, चष्मा वर करून, शेजारच्या पोराकडून वाचून घेतलेला तो संदेश आहे.

जिथे हे यंत्र अडखळतं

सप्टेंबर २०२५मध्ये मराठवाड्यावर आणि सोलापूर जिल्ह्यावर आभाळ फाटलं. सीना नदीने गावं वेढली. धाराशिव, बीड, लातूर, नांदेडमध्ये काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात कुजलं आणि कितीतरी शेतांतली माती पिकासकट वाहून गेली, खाली मुरूम उघडा पडला. राज्य सरकारला ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. जूनच्या पेरणीचा अंदाज कितीही बरोबर असता, तरी या शेतकऱ्यांच्या हाती काही लागलं नसतं.

इथे एआयची एक मूळची दुबळी बाजू आहे. ही मॉडेलं सरासरी चूक कमीत कमी व्हावी म्हणून शिकवली जातात. त्यामुळे खात्री नसली की ती मधलं, गुळगुळीत उत्तर देतात. ढगफुटीसारखा पाऊस अशा उत्तरात बोथट होतो. आणि जे कधी बघितलंच नाही त्याचं काय? शिकागोच्याच पेड्रम हसनझादेह यांच्या गटाने त्याची परीक्षा घेतली. फोरकास्टनेट या मॉडेलच्या शिकवणीतून त्यांनी तिसऱ्या ते पाचव्या श्रेणीची सगळी चक्रीवादळं काढून टाकली आणि मग त्याला पाचव्या, म्हणजे सगळ्यांत जोरदार श्रेणीचं वादळ दाखवलं. मॉडेलने त्याला दुबळं ठरवलं. दुसऱ्या एखाद्या महासागरातली तशी वादळं शिकवणीत ठेवली, तर मात्र त्याला काही अंशी जमलं. म्हणजे ते एका जागचं दुसऱ्या जागी नेऊ शकतं, पण कुठेच न घडलेलं त्याला सुचत नाही.

मान्सूनच्या अंदाजाचं काम करणाऱ्यांतल्याच माणसाने आपल्या हत्याराची मर्यादा अशी उघडी करून दाखवावी, हे मला आश्वासक वाटतं. न्यूरलजीसीएमच्या कर्त्यांनीही समुद्राचं तापमान थोडं वाढवून मॉडेल चालवलं तेव्हा ते ठीक वागलं आणि ४ अंशांनी वाढवल्यावर मात्र भरकटलं, हे आपल्या निबंधातच नोंदवलं आहे. अरबी समुद्र तापत चालला आहे. उद्याचा पाऊस कालच्या १२५ वर्षांसारखा राहीलच असं नाही. अशा वेळी मॉडेलात थोडं तरी भौतिकशास्त्र शिल्लक असणं, आणि जुन्या नोंदींच्या हिशेबाला दरवर्षी नव्या पावसाशी ताडून बघणं, या दोन्ही गोष्टींवर पैसा आणि माणसं खर्च झाली पाहिजेत.

दुसरी अडचण चौकोनाच्या आकाराची. न्यूरलजीसीएमचा सगळ्यांत बारीक चौकोनही सुमारे ७० ते ८० किलोमीटरचा आहे. आमच्याकडे घाटमाथ्यावर धो धो पाऊस पडत असताना ३० किलोमीटर पूर्वेला, डोंगराच्या सावलीत, धुरळा उडत असतो. एकाच चौकोनात घाटमाथा आणि ही सावली दोन्ही येऊ शकतात, आणि दोघांना एकच आकडा पाठवणं म्हणजे दोघांनाही चुकीचा पाठवणं. मध्य प्रदेशच्या सपाट माळावर जे चाललं ते सह्याद्रीच्या कुशीत तसंच चालेल असं धरता येत नाही. इथे मंडळ पातळीवरच्या स्वयंचलित हवामान केंद्रांच्या नोंदी वापरून मोठ्या चौकोनाचा अंदाज खाली उतरवावा लागेल, आणि त्यासाठी आधी त्या केंद्रांच्या आजूबाजूला वाढलेली झुडपं कापून, अडकलेली मापं साफ करून त्यांचा आकडा खरा आहे का, हे कुणीतरी जाऊन बघायला हवं. २०२५मध्ये १६ दिवस आधी आलेल्या पावसाने महाराष्ट्रात आणखी एक घोळ घातला होता, जो कुठल्याच अंदाजात नव्हता: शेतं इतकी ओली झाली की उन्हाळी नांगरट आणि वखरपाळी राहूनच गेली. पेरणीची तारीख बरोबर कळूनही जमीन तयार नव्हती, आणि लोक पुन्हा मूठभर माती दाबत वाफशाची वाट बघत होते.